हॅरियर: पक्षी, विमान, गाडी आणि वाटेत भेटणारी आडनावं

प्रश्न असा आहे: टाटाची हॅरियर गाडी, एकेकाळी गोव्यातून उडणारं नौदलाचं जुनं सी हॅरियर विमान आणि माळरानावरचा हॅरियर पक्षी, या तिघांचं नाव एकच कसं? विमान हवेत जागच्या जागी थांबतं म्हणून त्याला या पक्ष्याचं नाव दिलं का? मराठीत या पक्ष्याला काय म्हणतात, आणि ससाणे, गरुड यांसारखी आडनावं अशीच पक्ष्यांवरून आली का?

नाव मूळचं पक्ष्याचं, एवढं खरं. ‘हवेत थांबतो म्हणून’ हे मात्र चूक, आणि ही चूक छापील मजकुरातही सर्रास दिसते. हॅरियर पक्षी हवेत थांबत नाही. थांबतो तो केस्ट्रेल नावाचा दुसरा शिकारी पक्षी, आणि या विमानाला आधी नाव मिळालं होतं तेही केस्ट्रेलच. ते बदलून हॅरियर झालं. माझ्या मते बदललेलं नावच विमानाला जास्त शोभतं. का ते कळण्यासाठी आधी पक्षी नीट पाहायला हवा.

हॅरियरला मराठीत भोवत्या म्हणतात. शास्त्रीय नावातला ‘सर्कस’ हा भागही वर्तुळ या अर्थाच्या ग्रीक शब्दावरूनच आला आहे. इंग्रजी नावामागे मात्र घिरट्या नाहीत, लूटमार करणे, सतत छळणे या अर्थाचं क्रियापद आहे. वर्तमानपत्रांत कुठल्याही शिकारी पक्ष्याला ‘ससाणा’ म्हणायची पद्धत आहे, पण ससाणा वेगळा. त्याचे पंख टोकदार, भरारी वेगवान. भोवत्याचे पंख लांब, शेपूट लांब आणि अंग हलकं. माँटेग्यूच्या हॅरियरचं वजन साधारण अडीचशे ते चारशे ग्रॅम, आणि पंखांचा पसारा जवळजवळ एक मीटर. एवढ्या मोठ्या पंखांवर एवढं कमी ओझं, म्हणून तो अगदी सावकाश उडू शकतो, ताशी ३० किलोमीटरच्या आसपास. गवतावरून दोन ते पाच मीटर उंचीने, पंख उथळ ‘व्ही’सारखे वर धरून, तो अख्खा माळ ओळीओळीने विंचरत जातो. तोंडावर घुबडासारखी पिसांची चकती असते, त्यामुळे गवतातली सळसळ त्याला ऐकू येते. आवाज आला की शेपूट पसरून, पाय खाली सोडून, जागीच वळून तो गवतात उतरतो. नाकतोडे, टोळ, सरडे, उंदीर, चंडोलासारखे छोटे पक्षी हे त्याचं खाणं.

भारतात सहा जातींचे हॅरियर येतात. महाराष्ट्रात हिवाळ्यात नेहमी दिसतात ते तीन: वेस्टर्न मार्श, पॅलिड आणि माँटेग्यूचा. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये येतात, मार्च-एप्रिलमध्ये मध्य आशियाकडे परततात. मार्श हॅरियर पाणथळीचा, उजनी किंवा जायकवाडीच्या काठी हमखास दिसणारा. उरलेले दोघे कोरड्या माळाचे, म्हणजे सोलापूरजवळचं नान्नज, इंदापूरजवळचं कडबनवाडी, सासवडकडचे पट्टे. जुवार-कपाशीच्या शेतांवरूनही ते फिरतात.

ओळखताना गोंधळ कुठे होतो ते सांगतो, कारण नोंदींमधल्या बहुतेक चुका त्याच त्याच असतात.

मार्श हॅरियर आणि घार. मार्शची मादी गडद तपकिरी, डोकं आणि खांदे सायीच्या रंगाचे. लांबून ती घारच वाटते. शेपूट पाहा. घारीच्या शेपटीला मधे खाच असते, मार्शची शेपूट गोलसर. तरंगताना घारीचे पंख सपाट किंवा किंचित खाली झुकलेले राहतात, मार्शचे वर उचललेले.

नर पॅलिड आणि नर माँटेग्यू. दोघेही राखाडी. पॅलिडचं पोट पांढरं स्वच्छ आणि पंखाच्या टोकाला काळी पाचर. माँटेग्यू अधिक गडद, पंखाच्या वरच्या बाजूला मधोमध आडवी काळी रेघ, पोटावर आणि पंखांखाली तांबूस रेषा. एक चांगला फोटो मिळाला तर इथे शंका उरत नाही.

खरी अडचण माद्यांची. दोन्ही जातींच्या माद्या तपकिरी आणि शेपटीच्या बुडाशी पांढरा पट्टा. इंग्रजीत त्यांना मिळून ‘रिंगटेल’ म्हणतात. पॅलिडच्या मादीला गालावरच्या गडद डागामागे फिकट कॉलर असते, मानेभोवती गेलेली, आणि कॉलरच्या मागे मान पुन्हा गडद होते. माँटेग्यूच्या मादीला कॉलर नाही, डोळ्याभोवती पांढरं जास्त. उडताना पंखाची खालची बाजू बघायची. अंगाजवळच्या मोठ्या पिसांवरचे पट्टे माँटेग्यूत ठळक आणि स्वच्छ, पॅलिडमध्ये तो भाग एकूणच काळपट आणि पट्टे अंगाकडे येताना पुसट होत गेलेले. पंखाच्या टोकाला सुटी दिसणारी ‘बोटं’ मोजावीत. या दोघांना चार दिसतात. पाच दिसली तर तो हेन हॅरियर असू शकतो, आणि महाराष्ट्रात ती दुर्मीळ नोंद असल्याने फोटोशिवाय लिहू नये. पाठमोरा, उन्हाविरुद्ध दिसलेला तपकिरी पक्षी जातीच्या नावाने नोंदवण्यापेक्षा नुसता ‘रिंगटेल’ लिहिणं हा प्रामाणिक मार्ग आहे. अंदाजाने भरलेली एक नोंद पुढच्या दहा जणांची दिशाभूल करते.

हे पक्षी झाडावर झोपत नाहीत. गुडघा ते कंबरेएवढ्या गवतात जमिनीवर, एकाच ठिकाणी अनेकजण मिळून त्यांचा रातथारा असतो. गुजरातेत भावनगरजवळचं वेळावदर हे अवघं ३४ चौरस किलोमीटरचं राष्ट्रीय उद्यान, पण तिथला रातथारा जगातल्या सर्वांत मोठ्यांपैकी मानला जातो. रातथारा पाहायचा तर सूर्यास्ताच्या तासभर आधी पोचून दोनतीनशे मीटरवर गाडीतच थांबावं. गवतात शिरू नये. एकदा उठवलेला थवा अंधारात दुसरी जागा शोधतो आणि तिथे कोल्ह्या-लांडग्यांच्या तावडीत सापडतो. सकाळी पक्षी निघून गेल्यावर त्यांनी ओकलेले गोळे मात्र बघता येतात. न पचलेल्या तंगड्या, केस आणि हाडं त्यात असतात, आणि काय खाल्लं ते कळतं. धोका बंदुकीपेक्षा कागदाचा मोठा. माळरानाची नोंद ‘पडीक’ म्हणून होते, मग तिथे चर खणून झाडं लावतात आणि भोवत्याला उतरायला गवतच उरत नाही.

आता केस्ट्रेल. मराठीत खरुची. हा छोटा ससाणा, वजन दीडशे ते अडीचशे ग्रॅम. माळावर डोंगरकडेला तो वाऱ्याकडे तोंड करून, शेपटीचा पंखा पसरून हवेत एका जागी फडफडत राहतो. अंग हलतं, डोकं मात्र जागेवर खिळलेलं. याचं गणित सोपं आहे. तो हवेच्या तुलनेत पुढेच उडत असतो, समोरून येणाऱ्या वाऱ्याइतक्याच वेगाने, त्यामुळे जमिनीच्या तुलनेत वेग शून्य होतो. वारा पडला की त्याला फार फडफडावं लागतं, दमतो आणि जाऊन तारेवर बसतो. पांढरी-राखाडी, लाल डोळ्यांची कापशीही हेच करते, आणि शेताच्या बांधावर ‘हवेत थांबलेला पक्षी’ दिसला तर बहुतेक वेळा ती कापशीच असते.

विमानाकडे येऊ. ब्रिटनच्या हॉकर कंपनीने पी.११२७ नावाचं प्रायोगिक विमान बांधलं. २१ ऑक्टोबर १९६० रोजी ते दोरांनी बांधलेल्या अवस्थेत पहिल्यांदा जमिनीवरून सरळ उचललं गेलं. त्याची सुधारलेली आवृत्ती मार्च १९६४ मध्ये उडाली आणि तिचं नाव ठेवलं केस्ट्रेल. ब्रिटन, अमेरिका आणि पश्चिम जर्मनी या तिघांच्या वैमानिकांनी मिळून १९६५ मध्ये नऊ केस्ट्रेल तपासली. हवेत थांबणाऱ्या विमानाला हवेत थांबणाऱ्या पक्ष्याचं नाव, त्यामुळे इथवर सगळं जुळत होतं. हॅरियर हे नाव तेव्हा ब्रिटिश हवाईदलाच्या दुसऱ्याच, स्वनातीत (आवाजाहून वेगवान) पी.११५४ साठी राखलं होतं. तो प्रकल्प फेब्रुवारी १९६५ मध्ये रद्द झाला. मग केस्ट्रेलवरून विकसित केलेल्या विमानालाच ते मोकळं झालेलं नाव मिळालं आणि १९६९ मध्ये हॅरियर ब्रिटिश हवाईदलात दाखल झालं. म्हणजे नाव बदलण्यामागे पक्षिशास्त्र नव्हतं, रद्द झालेला एक प्रकल्प होता. हॉकरचं १९२७ चं एक दोन पंखी विमानही हॅरियरच होतं, आणि रोल्स-रॉइसच्या एका जुन्या पिस्टन इंजिनाचं नाव केस्ट्रेल होतं. रोल्स-रॉइसने त्या काळी इंजिनांना शिकारी पक्ष्यांची नावं द्यायची रीत पाडली होती. स्पिटफायरमधलं मर्लिन इंजिनही गोष्टीतल्या जादूगाराच्या नावाचं नाही, छोट्या ससाण्याच्या नावाचं आहे.

योगायोगाने आलेलं नाव पुढे खरं ठरलं ते विमान कसं चालतं त्यामुळे. यात एकच पेगॅसस इंजिन आणि चार फिरत्या तोट्या. पुढच्या दोन तोट्यांतून पंख्याची थंड हवा, मागच्या दोन तोट्यांतून गरम झोत. चारही एकाच वेळी फिरतात. कॉकपिटमध्ये थ्रॉटलशेजारी एक जादा दांडा, तो ओढला की हवेवर चालणारी मोटर साखळ्या आणि दांड्यांमार्फत तोट्या मागून खाली वळवते, आणि खालच्याही थोड्या पुढे, म्हणजे ब्रेकसारख्या. विमान जवळजवळ थांबलं की पंख आणि शेपटीवरून हवा वाहत नाही, सुकाणू लुळं पडतं. म्हणून नाक, शेपूट आणि दोन्ही पंखांच्या टोकांना छोटी झोतछिद्रं आहेत. इंजिनातून काढलेली दाबाची हवा त्यातून सोडून तोल सांभाळतात. इंजिनातले दोन फिरते भाग एकमेकांविरुद्ध दिशेने फिरवले आहेत, नाहीतर त्यांच्या गरगरण्याने थांबलेलं विमान भलतीकडेच कलंडलं असतं.

सी हॅरियरच्या इंजिनाचा रेटा सुमारे ९,७५० किलो. भरलेल्या विमानाचं कमाल वजन सुमारे ११,९०० किलो. या दोन आकड्यांतच सगळी गोष्ट आली. पूर्ण भरलेलं विमान सरळ वर उचललं जाऊच शकत नाही. म्हणून उड्डाण घेताना ते थोडं धावतं, आणि जहाजावर पुढे वर वळलेली घसरगुंडी असते. आपल्या जुन्या विक्रांतवर तिचा कोन ९.७५ अंश होता, विराटवर १२ अंश. इंधन आणि शस्त्रं संपवून हलकं झालेलं विमान उतरताना मात्र सरळ खाली येतं. डाव्या अंगाने जहाजाशेजारी येऊन थांबायचं, जहाजाच्या वेगाशी वेग जुळवायचा, आडवं सरकून डेकवर यायचं आणि खाली उतरायचं.

चुकतं कुठे? पहिली गोष्ट गरम हवा. गोव्याच्या उन्हात हवा विरळ होते, रेटा घटतो आणि टर्बाइनच्या तापमानाची मर्यादा लवकर गाठली जाते. त्यासाठी सव्वादोनशे लिटरच्या आसपास शुद्ध पाणी सोबत असतं. ते इंजिनात फवारलं की जादा जोर मिळतो, पण दीडेक मिनिटच. तेवढ्यात उतरलं पाहिजे. न वापरलेलं क्षेपणास्त्र खाली आणायचं की समुद्रात टाकायचं, हा प्रश्न याच आकडेमोडीतून येतो. दुसरी गोष्ट, जमिनीवर आपटून वर येणारा गरम झोत इंजिनाच्या तोंडात पुन्हा शिरला की रेटा अचानक पडतो आणि विमान धपकन बसतं. तिसरी सर्वांत घातक. कमी वेगात वारा बाजूने लागला की हवा ओढणारी मोठी तोंडं नाकाला आणखीच बाजूला खेचतात, एक पंख उचलला जातो आणि वैमानिकाच्या हातात काही उरत नाही. म्हणून विंडस्क्रीनच्या पुढे, वैमानिकाला दिसेल असं, पत्र्याचं एक छोटं वातकुक्कुट बसवलेलं असतं. ते सरळ ठेवायचं, म्हणजे नाक वाऱ्याकडे ठेवायचं. खरुचीशी या विमानाचं खरं साम्य एवढंच. फरक मोठा आहे. खरुचीला पेलणारा वारा असतो, विमानाला स्वतःचाच झोत पेलतो आणि तो फार इंधन पितो. त्यामुळे हवेत थांबणं हे या विमानाचं काम कधीच नव्हतं, ती उतरण्याची महागडी सोय होती. ब्रिटिश हवाईदलाने ते घेतलं होतं ते जमिनीलगत उडून रणभूमीवर मारा करायला, पुढच्या फळीजवळच्या छोट्या जागेवरून उडायला. गवतावरून खालून विंचरत जाणाऱ्या भोवत्याचं नाव त्या कामाला नेमकं बसतं.

भारतात पहिली सी हॅरियर विमानं १६ डिसेंबर १९८३ रोजी गोव्यात दाबोळीला उतरली. नौदलाची ३०० क्रमांकाची ‘व्हाइट टायगर्स’ तुकडी ती उडवायची. आधी विक्रांत आणि १९८७ पासून विराट अशा दोन विमानवाहू जहाजांवर त्यांचं ठाणं होतं. मधल्या काळात इस्रायली रडार आणि डर्बी क्षेपणास्त्र बसवून त्यांचं आयुष्य वाढवलं, पण सुटे भाग मिळेनासे झाले आणि ११ मे २०१६ रोजी गोव्यातच त्यांना निरोप दिला गेला. त्या तुकडीकडे आता मिग-२९के आहेत. बोगमाळोच्या नौदल हवाई संग्रहालयात एक सी हॅरियर ठेवलेलं आहे. गेलात तर लोक पाहतात ते नाक सोडून बाजूच्या चार तोट्या, विंडस्क्रीनपुढचं वातकुक्कुट आणि पंखांच्या टोकांजवळची बारीक चाकं आधी पाहा. मुख्य चाकं पोटाखाली एकामागे एक, सायकलसारखी. कडेची चाकं फक्त कलंडू नये म्हणून.

आडनावांचा भाग इथेच सुरू होतो, कारण विमान बनवणारी कंपनीच एका आडनावाची आहे. ऑस्ट्रेलियन वैमानिक हॅरी हॉकर (१८८९–१९२१) याच्यावरून तिला नाव पडलं. हॉकर म्हणजे शिकारी पक्षी पाळून शिकवणारा, बाजदार. त्याच उच्चाराचा फेरीवाला या अर्थाचा दुसरा शब्द आहे, तो वेगळा. पुढे आडनावाचं गाव होतं. दक्षिण ऑस्ट्रेलियात हॉकर नावाचं गाव आहे ते जॉर्ज चार्ल्स हॉकर या राजकारण्यावरून, आणि कॅनबेरातलं हॉकर उपनगर चार्ल्स हॉकर या दुसऱ्या राजकारण्यावरून. दोन्हींचा ना पक्ष्याशी संबंध, ना विमानाशी.

आपल्याकडे हाच घोळ होतो. गरुड, ससाणे, गिधाडे ही आडनावं आहेत, हडपसरला ससाणेनगर आहे, धुळे जिल्ह्यात गिधाडे नावाचं गाव आहे. पण ससाणेनगरला ससाण्यांचं घरटं होतं असा निष्कर्ष काढणं म्हणजे कॅनबेरात बाजदार शोधणं. घारे हे आडनाव तर घारीवरून जेवढं सहज लावता येतं तेवढंच घाऱ्या डोळ्यांवरूनही. नुसत्या आवाजावरून आडनावाचं मूळ ठरवू नये. तपासायचं तर क्रम असा: घराण्याचं मूळ गाव कोणतं, त्या गावाचं नाव काय, जुन्या दस्तांत आडनाव कसं लिहिलंय, कुलाचं देवक कोणतं. देवकात पक्षी किंवा त्याचं पीस असेल तर पक्ष्याच्या बाजूला थोडं वजन पडतं. हे काहीच हाती नसेल तर ‘माहीत नाही’ हेच उत्तर.

गाड्यांचं थोडक्यात. टोयोटाने जपानमध्ये डिसेंबर १९९७ मध्ये हॅरियर आणली. बाहेरच्या देशांत तीच लेक्सस आरएक्स म्हणून विकली गेली. तिच्या जुन्या पिढ्यांच्या जाळीवर टोयोटाच्या चिन्हाऐवजी पक्ष्याचं चिन्ह असायचं, २०२० च्या पिढीत ते गेलं. टाटाची हॅरियर २३ जानेवारी २०१९ रोजी बाजारात आली. पिंपरीत बनते, लँड रोव्हरच्या डी-८ सांगाड्यावरून घडवलेली, आणि दोन लिटरच्या डिझेल इंजिनाची ताकद आधी १४०, मग २०२० पासून १७० पीएस. डिझेलमध्ये चारही चाकांना जोर कधी मिळाला नाही, तो २०२५ च्या इलेक्ट्रिक आवृत्तीत आला. दोन कंपन्यांना एकच नाव चालतं कारण ट्रेडमार्क देशागणिक नोंदवला जातो आणि टोयोटा ते नाव भारतात वापरत नाही. विमानं आणि मोटारी वर्गवारीत एकाच, बाराव्या वर्गात येतात. पण मोटार घ्यायला आलेला माणूस चुकून लढाऊ विमान घेऊन जाईल अशी शक्यता नसल्याने तिथे भांडण उभं राहत नाही.

व्यवहारात त्रास होतो तो सुटे भाग ऑनलाइन मागवताना. जपानमधून वापरलेल्या टोयोटा हॅरियर श्रीलंका, बांगलादेश, केनिया इथे भरपूर जातात. त्याही उजव्या स्टिअरिंगच्या, त्यामुळे ‘हॅरियर’ एवढंच लिहून शोधलं की दोन्ही गाड्यांचे वायपर, गाळण्या, मॅट एकाच यादीत येतात. मागवण्याआधी चासी क्रमांक बघा. टाटाचा सतरा अक्षरी असतो आणि ‘एमएटी’ने सुरू होतो. टोयोटाच्या जपानी गाड्यांचा आखूड, ‘एसीयू३०’ किंवा ‘झेडएसयू६०’ अशा सांकेतिक शब्दाने सुरू होणारा. विक्रेत्याच्या यादीत असे सांकेतिक शब्द दिसले तर तो भाग तुमच्या गाडीचा नाही.